एकरी किती माणसे?

गेल्या वर्षीची वसुबारस. दारात पणती ठेवून मी नुकताच आत येऊन बसलो होतो, तेवढ्यात कॉलनीतले चार शेजारी आले. हातात मिठाईचा डबा नव्हता, फाइल होती. कोपऱ्यावरचा जुना बंगला विकला गेल्याची कुणकुण सगळ्यांनाच होती. आता तिथे चार मजली मल्टी होणार आणि बारा फ्लॅट निघणार हे पक्के कळले होते. (इंदुरात फ्लॅटच्या इमारतीला ‘मल्टी’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा शब्द दर वेळी समजावून सांगावा लागतो.) कॉलनीतर्फे हरकतीचा अर्ज द्यायचा होता. नगररचनेच्या नकाशांवर रंग भरण्यात माझी छत्तीस वर्षे गेली, तेव्हा तो मीच लिहावा हे ओघानेच आले. “भाऊसाहेब, दस्तखत तो आप करेंगे ही, मजमून भी आप ही बना दीजिए,” समोरचे शेजारी म्हणाले.

त्याच रात्री लिहायला बसलो. पाणी, गटार, मोटारी उभ्या करायची जागा, उजेड, वारा असे मुद्दे भराभर सुचले. शेवटचा मुद्दा लिहिला, ‘कॉलनीचे मूळ स्वरूप’. त्याला पुरावा हवा होता, म्हणून वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. १९५३ सालच्या खरेदीखतात नेमकी अट सापडली: साठ बाय शंभर फुटांच्या प्रत्येक प्लॉटवर एकाच कुटुंबाचे एकच राहते घर बांधावे. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर ठसठशीत होते.

पुरावा मिळाल्याचा आनंद झाला, नाही असे नाही. पण झोप लागेना. एका एकरात किती घरे असावीत हा आकडा मी आयुष्यभर नकाशाच्या कोपऱ्यात लिहीत आलो. तो मुळात कोणी ठरवला आणि कशासाठी, हे मात्र कधी मुळापासून पाहिले नव्हते. दिवाळीचे उरलेले दिवस जुनी पुस्तके आणि अहवाल चाळण्यात गेले. जे हाती लागले ते येथे मांडतो. कारण असा अर्ज आज ना उद्या बेळगावला, बडोद्याला, ग्वाल्हेरला, हैदराबादला आपल्यापैकी पुष्कळांसमोर सहीसाठी येणार आहे. काहींच्या समोर येऊनही गेला असेल.

*

या आकड्याचा आपल्याकडचा जन्म प्लेगच्या सुतकात झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे गोदामे आणि चाळी यांची खेचाखेच. भिंतीला भिंत लागलेली, दोन इमारतींमध्ये जेमतेम मेहतराला जाता येईल एवढी बोळ, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट उमगलेले नव्हते. दाटीमुळे, कोंदट हवेमुळे तो होतो असेच बहुतेक अधिकारी धरून चालले. निदान अर्धेच बरोबर होते, पण त्यातून निघालेला उपाय शहराच्या नकाशावर कायमचा उमटला.

१८९८ साली कायदा होऊन मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दोन कामे हाती घेतली. जुन्या दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला शेतजमीन घेऊन विरळ, हवेशीर उपनगरे वसवायची. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे पहिल्या कामाचे फळ, दादर-माटुंगा हे दुसऱ्याचे. दादर-माटुंग्यात रस्ते आणि गटारे आधी आली, माणसे मागून. प्लॉटचा किती भाग मोकळा सोडायचा, किती मजले चढवायचे, हे भाडेपट्ट्यातच लिहिलेले असे. मजल्यांचा आकडा दोन-तीनच्या वर जात नसे. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून प्लॉट राखून घेतले, तेही याच चौकटीत.

माझे आजोळ याच दादरचे, हिंदू कॉलनीतले. लहानपणी मे महिन्यात आम्ही मामाकडे जात असू, तेव्हा इंदूरच्या अंगणाची सवय असलेल्या मला ते तीन खोल्यांचे बिऱ्हाड खोक्यासारखे वाटे. पण आजीला विचारावे. ती गिरगावातल्या चाळीतून तिथे आली होती. घरातच संडास आणि घरातच नळ, एवढ्या एका गोष्टीवर ती आयुष्यभर खूश होती.

आता इतिहासातली गंमत अशी की, ट्रस्टच्या मनात या जागी निराळेच चित्र होते. बागेत एकेकटे उभे असलेले बंगले, विलायती उपनगरासारखे. पण पहिल्या महायुद्धापर्यंत पुष्कळ प्लॉट तसेच पडून राहिले. बंगला परवडणारा माणूस मलबार हिल सोडून दादरच्या शेतात कशाला येईल? आणि ज्याला तेथे यायचे होते, त्या कारकुनाला, मास्तराला, रेल्वेतल्या बाबूला बंगला परवडत नव्हता. तडजोड झाली ती दुमजली-तिमजली इमारतींची. एका प्लॉटवर सहा-आठ बिऱ्हाडे, समोर फूटपाथ, फूटपाथवर झाडे. १९२० आणि १९३० च्या दशकांत हा भाग भरला. मराठी, तमिळ, गुजराती मध्यमवर्ग तिथे फ्लॅटमध्ये राहायला शिकला. आज ज्याला आपण जुन्या दादरचा टुमदारपणा म्हणतो, ती मूळ योजना नव्हे. ज्यांना आत यायचे होते त्यांच्या खिशाकडे पाहून योजनेने घेतलेली ती माघार आहे.

*

याच काळात दोन माणसांनी या प्रश्नाला गणिताची शिस्त लावली. एक जे. पी. ऑर, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष. १९१२ साली मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्याविषयी त्यांनी एक व्याख्यान दिले आणि त्यात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम समजावून सांगितला. नियम सोपा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहा. नजरेचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून चढा झाला, तर ती इमारत फार जवळ किंवा फार उंच आहे. हिशेब मांडला तर त्याचा अर्थ एवढाच की, साठ फूट उंच इमारतीसमोर निदान तीस फूट मोकळी जागा हवी. पंचेचाळीस अंशांचा नियम केला असता तर साठ फूट सोडावी लागली असती. मुंबईच्या जमिनीच्या भावात ते शक्य नव्हते. म्हणजे हा आकडाही देवाने दिलेला नव्हता. आरोग्य आणि किंमत यांच्यामध्ये माणसाने ओढलेली ती रेघ होती.

दुसरे इंग्लंडचे रेमंड अन्विन. त्यांनीही १९१२ सालीच एक छोटी पुस्तिका काढली. दाटीने बांधून काही मिळत नाही, असे तिच्या नावातच बजावलेले होते. त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा होता. घरे खेटून बांधली की त्यांना रस्ते जास्त लागतात, आणि रस्त्यात जमीन व पैसा दोन्ही जातात. विरळ बांधणीत तोच पैसा बागेच्या रूपाने घराला मिळतो. अन्विन यांचे माप एकरी बारा घरे. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये सरकारी घरांसाठी हे माप प्रमाण मानले गेले आणि तेथून ते जगभर फिरले.

मी आमच्या कॉलनीचे माप काढून पाहिले. सहा हजार चौरस फुटांचे प्लॉट, वर चौथाई जमीन रस्त्यांना. एकरी पाच-सहा घरे पडतात. म्हणजे ज्या अन्विनना विरळ वस्तीचे आचार्य मानतात, त्यांच्या मापाच्या निम्म्यानेही आम्ही दाट नाही! हे गणित मी शेजाऱ्यांना अजून सांगितलेले नाही.

*

आता आमच्या इंदूरकडे वळतो. येथे या विषयावर बोललेला माणूस साधासुधा नव्हता. पॅट्रिक गेडिस, जन्म १८५४, स्कॉटलंडचे. मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाले. प्रदर्शनाचे सामान वेगळ्या जहाजावर होते. ते ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांनी पुन्हा सामान जमवून पाठवले आणि मद्रासला प्रदर्शन भरले. नंतरच्या काळात त्यांनी देशातली कितीतरी शहरे पायी हिंडून पाहिली. १९१६ साली बडोद्यावर त्यांचा अहवाल निघाला आणि १९१८ साली इंदूरवर, दोन खंडांचा. तुकोजीराव होळकर (तिसरे) तेव्हा गादीवर होते. १९१७ हे साल गेडिसांसाठी फार वाईट गेले होते. मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला आणि पाठोपाठ पत्नी कलकत्त्यात वारली. अशा मनःस्थितीत या माणसाने आमच्या गावाच्या गल्ल्या, विहिरी आणि खान नदीचे काठ यांवर शेकडो पाने लिहिली.

त्यांची इंदुरातली दिवाळीची गोष्ट जुन्या लोकांकडून ऐकायला मिळे आणि पुस्तकांतही आहे. गावात प्लेगची भीती होती. सक्तीने घरे साफ करायला गेलेल्या अधिकाऱ्यांना लोक दारात उभे करीत नसत. गेडिसांनी एका दिवसापुरता महाराजांचा मान मागून घेतला आणि जाहीर केले की, या दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती जाईल फक्त त्या रस्त्यांनी, जिथे घरे सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त दिसतील. झाले! गावभर केरसुण्या आणि चुन्याच्या बादल्या निघाल्या. सहा हजारांहून जास्त गाड्या कचरा बाहेर पडला असे त्यांच्या हकिगतीत आहे. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि तिच्यासारखेच घाणीचे राक्षसही होते. शेवटी त्यांचे दहन झाले. रस्ते झाडणारे मेहतर त्या दिवशी शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून, मानाने मिरवणुकीत चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि तेथेच थांबतो. तिच्यामागचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. ट्रस्टच्या पद्धतीने जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढणे गेडिसांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, पाडलेल्या घरांतली माणसे हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत जाऊन कोंबली जातात. मग ती गल्ली दाट झाली म्हणून तीही पाडायची! मुंबईत नेमके हेच झाले होते. ट्रस्टने पहिल्या वीस वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्याही बांधून दिल्या नाहीत. गेडिसांचा उपाय निराळा होता. जिथे एखादे पडके घर आहे तेवढेच काढा, तिथे छोटा चौक करा, एक झाड लावा, विहीर झाकून घ्या. बाकी वस्ती जागच्या जागी नांदू द्या. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली. शस्त्र कमीत कमी चालवायचे, जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवायचे.

मला त्यातून उमगलेली गोष्ट अशी. एकरी किती माणसे, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: उरलेली माणसे कुठे? पहिल्याचे उत्तर नियमात लिहिलेले असते. दुसऱ्याचे कुठेच लिहिलेले नसते.

*

हा दुसरा प्रश्न न विचारल्याचे परिणाम पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही बाजूंनी दिसले.

एका बाजूला मुंबईच्या बी.डी.डी. चाळी. १९२० साली सरकारने विकास खाते काढले आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, एकेकीत ऐंशी खोल्या. माणसे मावली पाहिजेत या एकाच हिशेबाने त्या सिमेंटच्या इमारती बांधल्या होत्या. उजेड, वारा, सोयी यांचा विचार इतका तोकडा की सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. नुसते आकडे भरले की घर होत नाही, हा तो धडा.

दुसऱ्या बाजूला आकड्यांचे कुलूप. १९६४ च्या विकास आराखड्यापासून मुंबईत चटई क्षेत्राचे गणित आले. प्लॉटच्या किती पट बांधायचे त्यावर मर्यादा पडली. १९९१ च्या नियमांत ती जुन्या शहरात १.३३ आणि उपनगरांत १ अशी होती. ‘चटई क्षेत्र’ हा शब्द कोणी घडवला देव जाणे, पण फार बोलका आहे. पाठ टेकायला जेवढी चटई अंथरता येईल तेवढीच तुमची जागा. चटया मोजल्या गेल्या; माणसे मात्र येतच राहिली. २००१ च्या जनगणनेत मुंबईची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या झोपडपट्टीत आढळली. झोपडीत चटई कोणी मोजत नाही. केवळ या नियमाने झोपड्या वाढल्या असे मी म्हणणार नाही. मजुरी, भाडेनियंत्रण, जमिनीची साठेबाजी अशी कारणे पुष्कळ आहेत. पण नियमाने कागदावर विरळ ठेवलेली वस्ती दुसरीकडे दाट होऊन उभी राहते, हे गेडिसांचे म्हणणे खोटे ठरले नाही.

हा केवळ आपलाच रोग आहे असेही नव्हे. माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका उपनगरात राहतो. दिवाळीच्या फोनवर त्याला कोपऱ्यावरच्या मल्टीची हकिगत सांगितली, तर तो हसून म्हणाला, “काका, आमच्या गावच्या सभेत हेच भांडण चालू आहे, फक्त इंग्रजीत!” मग मी तेथलाही इतिहास पाहिला. ओहायो राज्यातल्या युक्लिड या उपनगराच्या खटल्यात, १९२६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाला जमिनीचे भाग पाडून वापर ठरवण्याचा अधिकार मान्य केला. निकालपत्रात न्यायमूर्तींनी बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या फ्लॅटच्या इमारतीला चक्क बांडगुळाची उपमा दिली. त्यानंतर गावोगाव नियम झाले: एवढ्या जमिनीवर एकच घर.

पुढे न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल गावात एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंनी याच नियमांविरुद्ध लढा दिला. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या त्या गावात होते, आणि त्यांच्याच मुलाबाळांना तिथे परवडणारे घर मिळेना. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वाढत्या गावांनी आपल्या प्रदेशाच्या गरजेतला आपला वाटा उचलला पाहिजे. नियमांच्या आडून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. निकाल लागला, पण गावाने घरे होऊ देण्यात वर्षानुवर्षे घालवली. एथेलबाई १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत त्यानंतरच उभी राहिली.

*

मग मधला मार्ग नाहीच का? आहे, आणि तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. आमच्याच गावाच्या उत्तरेला अरण्य नावाची वसाहत आहे. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी, जन्माने पुण्याचे, यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी ती आखली आणि १९८९ च्या सुमारास ती आकाराला आली. सुमारे ८५ हेक्टर जमीन आणि साडेसहा हजार घरांची योजना. बहुतेक प्लॉट गरिबांसाठी, सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. त्यावर फक्त जोते, संडास-मोरी आणि पाण्या-गटाराची जोडणी द्यायची. पुढचे घर माणसाने पैसा जमेल तसे स्वतः वाढवायचे. कडेला मोठे प्लॉट, त्यांच्या विक्रीतून लहान प्लॉटांना हातभार. ओटे, गल्ल्या आणि चौक जुन्या गावासारखे. १९९५ साली या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली दोशींना प्रित्झकर पारितोषिक.

तिथलेही माप मी काढले. एकरी तीसहून अधिक घरे, आणि तीही बहुतेक दोन-तीन मजल्यांच्या आतली. आमच्या कॉलनीच्या पाचपट! म्हणजे दाटी म्हटली की लिफ्टचे मनोरेच उभे राहतात हा समज खरा नाही. अरण्यमध्येही सगळे गोड नाही. काही प्लॉट मूळ मालकांच्या हातून गेले, आखल्याप्रमाणे सगळे घडले नाही. तरीही दाटी आणि मोकळीक यांची गाठ घालता येते, एवढे तिथे दिसते. त्याचे कारण साधे आहे. तिथे घरांची संख्या आणि पाणी, गटार, चौक, झाडे यांचा हिशेब एकाच कागदावर मांडला गेला. आमच्याकडे घरांची संख्या एका खात्यात मोजतात, पाणी दुसऱ्या, आणि झाडे मोजायला कोणी येतच नाही.

पाण्याचेच पाहा. १९५१ साली इंदूरची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती, २०११ साली साडेएकोणीस लाखांच्या वर गेली. यशवंतसागर आणि बिलावलीच्या तलावांनी ही तहान भागली नसती. १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून डोंगर चढवून गावात आणले, म्हणून हे गाव वाढले. तेव्हा बारा फ्लॅट की एक बंगला, याचे खरे उत्तर चौरस फुटांत मिळत नाही. नळ, नाला आणि नदी पाहूनच ते द्यावे लागते.

*

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खरेदीखत परत ठेवायला ट्रंक उघडली. तळाशी सुतळीने बांधलेले एक पुडके होते. भाडेपावत्या. १९४३ पासून १९५३ पर्यंतच्या, आमच्याच कॉलनीतल्या एका बंगल्याच्या मालकांनी वडिलांना दिलेल्या. ‘मागील आउटहाऊसच्या दोन खोल्या, दरमहा रुपये बारा.’

वडील बुऱ्हाणपूरहून गिरणीत कारकुनी करायला इंदुरात आले, एवढे मला ठाऊक होते. ‘मागच्या घरा’तून आपण या घरात आलो, असे आई म्हणायची. ते मागचे घर म्हणजे बंगल्यामागे नियमाबाहेर भाड्याने दिलेल्या दोन खोल्या, हे मात्र कधी ध्यानात आले नव्हते. लग्न होऊन बेळगावला गेलेल्या ताईला फोन लावला. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. म्हणाली, “अरे, माझं बारसं तिथंच झालं की! आई सांगायची, शेजारच्या बंगल्यातल्या बाई कुरकुरायच्या, कॉलनीत बिऱ्हाडकरू नकोत म्हणून. आपले मालक भले. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. एका प्लॉटवर एकच कुटुंब, ही अट कोणी काटेकोर पाळली असती, तर आम्ही या कॉलनीत आलोच नसतो. दहा वर्षे त्या दोन खोल्यांत काढून वडिलांनी पैसे साठवले, ओळखी केल्या, मग इथेच प्लॉट घेतला. आणि प्लॉट घेताना त्याच अटीवर सही केली. त्यांना ते जाणवले असेल का? विचारायला आता ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज नव्याने लिहिला. ‘कॉलनीचे मूळ स्वरूप’ हा मुद्दा काढून टाकला. इमारत होऊ देऊ नये असेही लिहिले नाही. पाच मागण्या लिहिल्या. मंजूर नकाशापेक्षा एक इंचही जास्त बांधू नये. समोरच्या घरांचा उजेड अडणार नाही एवढी जागा सोडावी. आवारातले दोन कडुलिंब राखावेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे आणि आमच्या जुन्या गटारावर भार टाकण्याआधी ते मोठे करावे. आणि बारापैकी काही घरे तरी लहान, साध्या पगाराच्या माणसाला घेता येतील अशी असावीत. ही शेवटची मागणी कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिली.

शेजाऱ्यांनी वाचून पाहिले. दोघांनी सही केली. एक जण काही न बोलता उठून गेले. समोरचे शेजारी म्हणाले, “ये तो हमारी तरफ से कम, उनकी तरफ से ज्यादा लग रहा है.” मी ट्रंकेतून काढून ठेवलेली एक पावती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, परत दिली, आणि चहा घेऊन गेले. सही अजून केलेली नाही. पण अर्ज परतही मागितलेला नाही.